जिथल्या तिथे : व्हेनिसच्या सहा पेठा

व्हेनिसला गेलेला माणूस सान मार्कोच्या चर्चसमोर उभा राहून फोटो काढतो आणि हेच गावाचं मुख्य चर्च, असं धरून चालतो. आज ते तसं आहेही. पण १८०७ पर्यंत नव्हतं. तोवर हे पाच घुमटांचं, आतून सोनेरी मोझेकने मढवलेलं चर्च म्हणजे दोजचं, प्रजासत्ताकाच्या निवडून आलेल्या प्रमुखाचं, खासगी देवघर होतं. बिशपचं कॅथीड्रल होतं सान पिएत्रो दि कास्तेल्लो. ते शहराच्या पार पूर्व टोकाला, गोदीच्याही पलीकडे, एका वेगळ्या बेटावर आहे. तिथे आजही फारसं कुणी फिरकत नाही. चर्चसमोर गवत, बाजूला थोडा कललेला पांढरा घंटामनोरा, मागच्या गल्लीत दोरीवर वाळत घातलेले कपडे. बिशपचा मान ठेवायचा, सणावारी वाजतगाजत त्याच्याकडे जायचं, पण राज्यकारभाराच्या चौकात त्याला जागा द्यायची नाही, हा हिशेब शतकानुशतकं कुठलाही गाजावाजा न करता पाळला गेला.

या शहराचा कारभार करणाऱ्यांना कुठे काय ठेवायचं याची विलक्षण जाण होती. आगीची भट्टी कुठे, साथीचा रोगी कुठे, परदेशी व्यापारी कुठे, ज्यू कुठे, बारूद कुठे, सोनं कुठे, आणि स्वतःबद्दल फार मोठी कल्पना असलेला सेनापती कुठे, हे सगळं त्यांनी ठरवून केलं. जागा कमी, तीही पाण्यात. त्यामुळे चुकीच्या जागी ठेवलेली गोष्ट लगेच अंगाशी यायची. व्हेनिसच्या वास्तूंवर ग्रंथ भरपूर आहेत, त्यांच्या सौंदर्याचं वर्णन तर इतकं झालंय की त्यात भर घालायचा माझा विचार नाही. या पुस्तकात प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न धरून बसलोय: ही वस्तू इथेच का? नकाशा हातात घेऊन हा प्रश्न विचारत गेलं, की शहर आपोआप बोलू लागतं.

सुरुवात जमिनीपासूनच करायला हवी, कारण इथली जमीनही ठरवून केलेली आहे. खाजणातली शंभरावर छोटी बेटं, त्यांच्यामध्ये भरती-ओहोटीच्या वाटा, आणि चिखल. त्या चिखलाखाली जिथे घट्ट चिकणमातीचा थर लागतो तिथवर लाकडी खुंट ठोकायचे, एकमेकांना खेटून. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. त्यावर फळ्या, त्यावर एड्रिएटिकच्या पलीकडून इस्त्रियातून आणलेला पांढरा दगड, आणि त्यावर विटांचं हलकं बांधकाम. हा पांढरा दगड खारं पाणी सहसा शोषत नाही, विटा शोषतात. म्हणून व्हेनिसमधल्या कुठल्याही घराकडे बघताना आधी खाली बघावं. पांढरा पट्टा आज पाण्याच्या किती वर उरलाय, त्यावरून त्या घराची प्रकृती कळते.

जमीन केली, तशा नद्याही हलवल्या. ब्रेंता, पियावे, सिले या नद्या गाळ आणून खाजण भरून टाकत होत्या, आणि खाजण भरलं असतं तर व्हेनिस कोरडं पडलं असतं, शत्रूला चालत येता आलं असतं. १५०१ मध्ये पाण्याचा कारभार पाहणारं स्वतंत्र खातं नेमलं गेलं, आणि पुढच्या दोन शतकांत नद्यांची मुखं एकेक करून खाजणाबाहेर वळवण्यात आली. खुद्द पो नदीसाठी १६०४ मध्ये नवा कालवा पुरा झाला. फावडी आणि टोपल्या एवढ्यावर केलेलं हे काम सान मार्कोच्या घुमटांपेक्षा मला थोर वाटतं. त्याचा फोटो काढता येत नाही, एवढंच.

शहराचे सहा भाग बाराव्या शतकातले. मोठ्या कालव्याच्या, ग्रँड कनालच्या, एका अंगाला सान मार्को, कास्तेल्लो आणि कान्नारेज्जो. दुसऱ्या अंगाला सान पोलो, दोर्सोदूरो आणि सांता क्रोचे. त्यांना तिथे सेस्तिएरे म्हणतात. मी या पुस्तकात सरळ पेठ म्हटलंय. गोंडोलाच्या नाळेवर जो लोखंडी फणा असतो त्याचे पुढचे सहा दाते म्हणजे या सहा पेठा आणि मागे वळलेला एक दाता म्हणजे समोरचं जुदेक्का बेट, असं नावाडी सांगतात. घरांचे क्रमांक रस्त्यागणिक नाहीत, पेठेगणिक आहेत. एका टोकाला एक नंबर सुरू झाला की गल्लीबोळ, पूल, अंगणं, कमानीखालच्या वाटा यांतून तो वळसे घेत काही पेठांत पाच-सहा हजारांपर्यंत जातो. ‘कास्तेल्लो ४७००’ एवढाच पत्ता असू शकतो, आणि तो शोधायला पोस्टमनच लागतो. फोनवरचा नकाशा दोन भिंतींमधल्या बोळात गांगरतो आणि तुम्हाला थेट पाण्यात उतरायला सांगतो.

पेठेच्या आत खरं एकक म्हणजे काम्पो, चर्चसमोरचा चौक. सगळ्या शहरात ‘पियाझ्झा’ हा मान फक्त सान मार्कोच्या चौकाला. बाकी सारे काम्पो, म्हणजे शेत, कारण एके काळी तिथे गवत असे. आणि काम्पोच्या मध्यावर नक्षीदार दगडी कठडा असलेली विहीर. इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते व्हेनिसचं सगळ्यात हुशार बांधकाम हेच.

चहूकडे पाणी, पण पिण्याजोगा थेंब नाही. जमिनीत खणलं तर खारंच लागणार. म्हणून त्यांनी सबंध चौकच गाळणी केला. चौकाखाली काही मीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा जाड लेप द्यायचा, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत येणार नाही. खड्ड्यात स्वच्छ वाळू भरायची. मधोमध विटांची उभी नळी, तिच्या बुडाशी पाणी झिरपायला जागा. वर फरसबंदी, पण किंचित उतरती, आणि विहिरीभोवती भोकं पाडलेले चार दगड. घरांच्या छपरांवरचा आणि चौकातला पाऊस त्या भोकांतून वाळूत उतरतो, गाळला जातो आणि मधल्या नळीत साठतो. आजही कठड्यापासून थोड्या पावलांवर ते चार दगड सापडतात. पर्यटक त्यांवरूनच चालत असतात. विहिरींना झाकण आणि कुलूप असे, ठरल्या वेळी ती उघडत, बायका तांब्याच्या बादल्या घेऊन येत. समुद्राचं पाणी चढलं तर विहीर बाटू नये म्हणून कित्येक ठिकाणी कठडा उंच ओट्यावर घेतलेला दिसतो. दुष्काळात मुख्यभूमीवरून, ब्रेंता नदीचं गोडं पाणी होड्यांतून आणून विहिरीत ओतलं जाई. १८८४ मध्ये नळ आले आणि झाकणं कायमची बंद झाली. पण चौक, चर्च, विहीर आणि भोवतीची घरं ही बांधणी तशीच राहिली. कुठल्या घराने कुठून पाणी भरायचं यावरून माणसाची वस्ती ठरत होती, आणि त्या वस्तीवरून त्याचा संत, त्याचा सण आणि त्याचे वैरी.

सान मार्को पेठेवर सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय, म्हणून मी तिथे हात आखडता घेतलाय. तरीही दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संत मार्कचे अवशेष ८२८ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाहून पळवून आणले. मुसलमान जकात अधिकाऱ्यांनी हात लावू नये म्हणून वर डुकराचं मांस ठेवलं, अशी कथा आहे आणि ती चर्चच्या मोझेकमध्ये चितारलेली आहे. चोरी लपवायची नाही, भिंतीवर रंगवायची, हा इथला रिवाज. दर्शनी सज्ज्यावरचे चार घोडे १२०४ च्या लुटीत कॉन्स्टँटिनोपलहून आले, १७९७ मध्ये नेपोलियनने ते पॅरिसला नेले, १८१५ मध्ये परत आले. आता बाहेर दिसतात त्या प्रतिकृती; खरे घोडे आत आहेत. १४ जुलै १९०२ ला सकाळी समोरचा घंटामनोरा कोसळला. माणूस एकही दगावला नाही. नगरपालिकेने ठरवलं, ‘जसा होता तसा, जिथे होता तिथे’, आणि १९१२ मध्ये मनोरा पुन्हा उभा राहिला. या पुस्तकाला आणखी चांगलं बोधवाक्य मला सुचलं नसतं.

दोजच्या राजवाड्यात, महासभेच्या दालनात, छताखाली दोजांच्या तसबिरींची रांग आहे. तीत एका ठिकाणी चेहऱ्याऐवजी काळं वस्त्र रंगवलेलं आहे. मारीन फालिएर या दोजने १३५५ मध्ये सत्ता बळकावण्याचा कट केला आणि त्याचं डोकं उडवण्यात आलं. त्याला रांगेतून वगळता आलं असतं. मग बघणाऱ्याला तो कधी झालाच नाही असं वाटलं असतं. त्यांनी त्याची जागा राखून ठेवली, काळी करून. पुढच्या प्रत्येक दोजला ती रोज दिसत असणार. शिवाय दोज निवडायची पद्धत अशी की १२६८ पासून चिठ्ठ्या आणि मतदान यांच्या आळीपाळीने दहा फेऱ्या होत आणि पहिल्या चिठ्ठ्या रस्त्यावरून पकडून आणलेल्या एका पोराच्या हातून काढल्या जात. निवडून आलेल्या म्हाताऱ्याला परदेशातून आलेलं पत्र एकट्याने फोडायचीही मुभा नसे.

मराठी वाचकाने या पेठेत एका इमारतीपुढे मुद्दाम थांबावं. राजवाड्यासमोर, पाण्याकडच्या बाजूला, खडबडीत दगडांची एक भारदस्त इमारत आहे: झेक्का, प्रजासत्ताकाची टांकसाळ. सोन्याचा डुकाट १२८४ मध्ये पाडायला सुरुवात झाली. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला दोज, दुसऱ्या बाजूला लंबगोल प्रभावळीत उभा ख्रिस्त. १७९७ पर्यंत, पाचशेहून अधिक वर्षं, या नाण्याचं वजन, कस आणि चित्र बदललं नाही. व्यापार मिऱ्यांचा होता, आणि मिरी हिंदुस्थानची; म्हणून हे सोनं अलेक्झांड्रियामार्गे पश्चिम किनाऱ्यावर येत राहिलं. नाण्यावरच्या माणसांच्या आकृतींवरून आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे, तीत पुतळी आहे. पुढे ही नाणी आपल्याकडे नक्कल करूनही पाडली गेली, आणि ओवून गळ्यातही आली. आजीच्या पुतळ्यांच्या माळेचं एक टोक या टांकसाळीत आहे.

योग असा की हीच इमारत आता मार्चाना ग्रंथालयाचा भाग आहे. टांकसाळीच्या अंगणावर छप्पर घालून तिथे वाचनकक्ष केलाय. आणि याच ग्रंथालयाच्या संग्रहात निकोलाव मनुचीच्या ‘स्तोरिया दो मोगोर’च्या हस्तलिखिताचा मोठा भाग आहे. मनुची व्हेनिसचा. किशोरवयात जहाजावर लपून पळाला, मोगलांच्या पदरी तोफखान्यात राहिला, वैद्यकी केली, आणि १६६५ मध्ये पुरंदरच्या वेळी मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत त्याची शिवाजी महाराजांशी गाठ पडली. म्हातारपणी लिहिलेला ग्रंथ त्याने हिंदुस्थानातून थेट व्हेनिसच्या सेनेटकडे पाठवला. त्याच्या आधी शंभर वर्षं चेझारे फेदेरिची हा व्हेनिसचाच व्यापारी चौल आणि गोवा बघून, ताळीकोटनंतरचं उजाड विजयनगर बघून गेला होता. हे लोक हौशी भटके नव्हते. मिऱ्यांचा आणि जवाहिराचा भाव मुळात काय आहे, हे त्यांना माहीत करून घ्यायचं होतं.

कास्तेल्लोत आर्सेनाले आहे, तटबंदीआडची सरकारी गोदी. पेरो ताफूर नावाच्या स्पॅनिश प्रवाशाने १४३० च्या दशकात पाहिलं ते असं: गलबताचा सांगाडा पाण्यातून ओढत नेतात, दोन्ही बाजूंच्या वखारींच्या खिडक्यांतून एकीकडून दोरखंड, दुसरीकडून शस्त्रं, तिसरीकडून पाव दिला जातो, आणि वाटेच्या टोकाला पोचेपर्यंत गलबत माणसांसकट तयार असतं. १५७४ मध्ये फ्रान्सचा तिसरा हेन्री आला तेव्हा त्याची मेजवानी चालू असताना एक आख्खं गलबत जोडून दाखवलं. डांबराच्या उकळत्या कढया बघून कवी दांतेला नरकाचं एक दृश्य सुचलं. दारात लुटीचे सिंह बसवलेत. त्यांतला एक १६८७ मध्ये अथेन्सच्या पिरेअस बंदरातून आणलेला. त्याच्या खांद्यांवर झिजलेली अक्षरं आहेत, ती स्कँडिनेव्हियातून आलेल्या भाडोत्री शिपायांनी अकराव्या शतकात कोरलेली. ग्रीसचा सिंह, उत्तरेची अक्षरं, व्हेनिसचं दार.

याच पेठेत बार्तोलोमेओ कोल्लेओनीचा अश्वारूढ पुतळा आहे. हा प्रजासत्ताकाचा भाडोत्री सेनापती १४७५ मध्ये वारला, आणि आपला पुतळा ‘सान मार्कोसमोर’ उभारावा या अटीवर त्याने मोठी संपत्ती सरकारला दिली. मुख्य चौकात कुठल्याही माणसाचा पुतळा उभारायचा नाही, हा तर नियम. पैसे मात्र हवे होते. कास्तेल्लोत सान मार्कोच्या नावाचा एक धर्मादाय संघ होता. त्याच्या इमारतीसमोर पुतळा उभारला, म्हणजे अट अक्षरशः पाळली. शिल्प वेर्रोक्योचं, आणि घोड्यावरचा तो चेहरा असा रागावलेला आहे की त्याला ही चलाखी कळली असावी.

कान्नारेज्जोत रेल्वे स्टेशन आहे. सांता लुचियाचं चर्च पाडून ते झालं, संताचं नाव स्टेशनला राहिलं. बहुतेक लोक स्टेशनवरून घाईघाईने रिआल्तोच्या पुलाकडे जातात. डाव्या हाताचा पूल ओलांडून पहिल्या बोळात शिरलं की घेत्तो लागतं. २९ मार्च १५१६ ला सेनेटने ठराव केला की शहरातल्या ज्यूंनी एकाच बेटावर राहावं. ते बेट म्हणजे जुन्या तोफ-ओतशाळेची जागा. जगभरच्या कोंडवाड्यांना मिळालेलं नाव इथलंच. सूर्यास्तानंतर दारं बंद. राखणदार ख्रिस्ती, आणि त्यांचा पगार ज्यूंनी भरायचा. रात्री भोवती होड्यांची गस्त. घर विकत घेता येत नसे, भाड्याने राहायचं. माणसं वाढत गेली, बेट वाढेना. म्हणून घरं वर चढली. बाहेरून बघा: व्हेनिसमध्ये इतरत्र तीन-चार मजले, इथे सात-आठ, आणि खिडक्यांच्या ओळी एकमेकींच्या इतक्या जवळ की आत उंच माणसाचं डोकं छताला लागावं. सिनेगॉगच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाची वस्ती असू नये, म्हणून ती सगळ्यात वरच्या मजल्यांवर. खालून फक्त पाच खिडक्यांची ओळ आणि वरचा लहानसा घुमट दिसतो. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने दारं काढली आणि चौकात जाळली. जर्मन ताब्यात असताना, १९४३-४४ मध्ये, व्हेनिसमधून दोनशेहून अधिक ज्यूंना नेण्यात आलं. चौकाच्या भिंतीवर त्यांच्या स्मरणाचे काशाचे पट आहेत. इतर ठिकाणी प्रजासत्ताकाच्या चातुर्याचं कौतुक करताना इथे जीभ अडखळते. जागा नेमून देण्याची तीच कला, आणि ती माणसांवर चालवली.

परदेशी व्यापाऱ्यांची सोयही याच डोक्याने. जर्मनांना रिआल्तोपाशी एक भली मोठी वखार दिली, त्यांनी तिथेच राहायचं, तिथेच माल उतरवायचा, म्हणजे जकात चुकत नाही. तुर्कांना १६२१ मध्ये ग्रँड कनालवरचा एक जुना राजवाडा दिला. जर्मनांच्या वखारीचं पुढे पोस्ट ऑफिस झालं आणि २०१६ मध्ये महागड्या वस्तूंचा मॉल; तोही २०२५ मध्ये बंद झाला. तुर्कांच्या वखारीत आज निसर्गविज्ञानाचं संग्रहालय आहे.

सान पोलो ही सगळ्यात छोटी आणि माझ्या लेखी सगळ्यात जिवंत पेठ. रिआल्तोचा दगडी पूल १५८८ ते १५९१ मध्ये आंतोनियो दा पोंते याने बांधला. त्याआधीचा एक लाकडी पूल १४४४ मध्ये मिरवणूक बघायला लोटलेल्या गर्दीच्या वजनाने कोसळला होता. १८५४ पर्यंत ग्रँड कनालवर हा एकच पूल होता, आणि बाजारही इथेच. पुलाच्या पायथ्याशी सान जाकोमोचं छोटं चर्च आहे. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर व्यापाऱ्यांसाठी कोरलेलं आहे की या देवळाभोवती माप खरं असू दे आणि करार सच्चा. समोर एक कुबडा माणूस पाठीवर दगडी पायऱ्या पेलून बसलाय. त्या पायऱ्यांवरून सरकारी फर्मानं वाचली जात. किरकोळ गुन्हेगाराला सान मार्कोपासून इथवर नागवं पळवत आणि वाटेत लोक फटके मारत. कुबड्याला मिठी मारली की शिक्षा संपली.

मासळीबाजाराच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. त्यात किती सेंटिमीटरपेक्षा लहान मासा विकायचा नाही हे लिहिलंय: तारलीच्या जातीची मासळी ७, वाम २५, कालव ५. हे कोरून ठेवणाऱ्याला कागदावरच्या नियमाचं काय होतं, हे ठाऊक असणार. पाटी आहे, बाजारातले गाळे मात्र वर्षागणिक कमी होताहेत. मासे विकत घ्यायला शेजारी माणूस राहत असावा लागतो.

थोडं पुढे फ्रारीचं चर्च. तिथलं तिशियनचं १५१८ चं ‘मेरीचं स्वर्गारोहण’ हे चित्र बघायला लोक येतात. शेजारच्या मठात शासकीय दफ्तरखाना आहे, सत्तर-ऐंशी किलोमीटर भरतील इतक्या फळ्या कागदपत्रांनी लगडलेल्या. हजार वर्षांच्या या कारभाराचा सगळा लेखाजोखा तिथे आहे. पेशवे दफ्तराची सवय असलेल्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटेल.

सांता क्रोचेबद्दल फार नाही. ज्या चर्चवरून पेठेचं नाव पडलं तेच नेपोलियनच्या काळात बंद होऊन पाडलं गेलं. १९३३ मध्ये मोटारींचा पूल झाला आणि तो या पेठेत येऊन थांबतो; बसस्थानक, पार्किंग, तिकिटांच्या रांगा. व्हेनिसने मोटारीलाही जागा नेमून दिली ती अशी, उंबऱ्यावर.

दोर्सोदूरोत जमीन जरा घट्ट, म्हणून वस्ती जुनी. तिच्या पश्चिमेला कोळ्यांचा मोहल्ला, सान निकोलो. हे कोळी आणि पूर्वेचे, गोदीतले कास्तेल्लोवाले यांचं पिढ्यानपिढ्या हाडवैर. ते पुलावर मुष्टियुद्धाने फिटत असे. सान बार्नाबापाशी एक पूल आहे, त्याच्या माथ्यावर चार कोपऱ्यांत पांढऱ्या दगडाची पावलं बसवलीत. तिथे पाय रोवून उभं राहायचं आणि समोरच्याला पाण्यात पाडायचं. तेव्हा पुलांना कठडे नसत. १७०५ मध्ये सुरे निघाले आणि सरकारने बंदी घातली. तोवर सरकारला ही भांडणं चालत असावीत, असा माझा संशय आहे. एकमेकांशी भांडणारे कारागीर राजवाड्यावर चालून जात नाहीत.

याच पेठेच्या टोकाला, कालव्याच्या तोंडाशी, साल्यूतेचं चर्च. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहरातली सुमारे ४६,००० माणसं मेली. तो सरला तर चर्च बांधू, असा नवस सेनेटने केला. तरुण वास्तुकार लोंगेनाचा आराखडा निवडला गेला. अकरा लाखांहून जास्त खुंट ठोकले गेले, असं परंपरा सांगते. १६८७ मध्ये चर्च पुरं झालं तेव्हा लोंगेना हयात नव्हता. दर २१ नोव्हेंबरला ग्रँड कनालवर तात्पुरता पूल घालतात आणि व्हेनिसकर मेणबत्ती लावायला जातात. हा सण अजून त्यांचा आहे. त्या दिवशी बाहेरचा माणूस आपोआप बाजूला पडतो.

जे शहरात ठेवणं धोक्याचं ते बेटांवर. काचेच्या भट्ट्या १२९१ मध्ये मुरानोला हलवल्या: आगीची भीती होती, आणि कारागिरांवर नजर ठेवणंही सोपं झालं. १४२३ मध्ये प्लेगच्या रोग्यांसाठी एक बेट राखलं, पुढे संशयितांसाठी दुसरं. तिथे माणूस आणि माल चाळीस दिवस थांबवण्याची प्रथा आपणही अलीकडे सोसली. नेपोलियनच्या अमदानीत मृतांनाही बेट मिळालं, ते आज सान मिकेलेचा भाग आहे.

आता उरला आजचा प्रश्न. १९५१ मध्ये या जुन्या शहरात सुमारे १,७४,००० लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा ५०,००० च्या खाली गेला. पर्यटकांसाठीच्या खाटा आता रहिवाशांपेक्षा जास्त आहेत. माणसं मेस्त्रेला, पुलापलीकडच्या मुख्यभूमीवर गेली, कारण तिथे भाडं परवडतं आणि तळमजला भिजत नाही. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७. खाजणाच्या तीन तोंडांशी ७८ हलते दरवाजे बसवलेत, ते ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा उचलले आणि चौक कोरडा राहिला. मोठ्या क्रूझ बोटींना ऑगस्ट २०२१ पासून जुदेक्काच्या कालव्यात मज्जाव आहे. एप्रिल २०२४ मध्ये गर्दीच्या दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्याकडून ५ युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात झाली. दरवाजे कामाचे आहेत, बोटींची बंदीही. अशा शुल्काने काय साधेल याची मला शंका आहे; तेवढ्याने कुणी परत फिरत नाही आणि कुणाचं घरभाडं उतरत नाही. दर गोष्टीला जागा शोधून देणाऱ्या या शहराला आपल्याच रहिवाशांसाठी जागा काढता आलेली नाही. प्रजासत्ताक असतं तर त्यांनी काय ठराव केला असता, याची कल्पना करत मी कित्येक संध्याकाळी काढल्या आहेत. त्यातले काही ठराव छापण्याजोगे नाहीत.

पुस्तक कसं वापरावं, याबद्दल दोन शब्द. प्रत्येक पेठेचं प्रकरण चालण्याच्या वाटेने लिहिलंय, इतिहासाच्या क्रमाने नाही. सनावळी मागेपुढे होतील, त्याला इलाज नाही. नावं तिथल्या पाट्यांवर असतील तशी वाचावीत; एकाच चर्चची दोन नावं दिसली तर गोंधळू नये, एक इटालियन असतं आणि एक व्हेनेत्सियन. गोंडोलाची फेरी महाग वाटली तर त्रागेत्तो शोधावा: पूल नसेल तिथे ग्रँड कनाल ओलांडून देणारी साधी गोंडोला, अगदी थोड्या पैशांत, स्थानिक लोक तीत उभ्याने जातात, तुम्ही बसलात तरी कुणी हसणार नाही. शक्य असेल तर रात्री मुक्काम करावा, कारण संध्याकाळी सहानंतर निम्मी गर्दी पुलापलीकडे परतते आणि काम्पोमध्ये पोरं फुटबॉल घेऊन उतरतात. आणि सामान कमी आणावं. शहरात चारशेहून जास्त पूल आहेत, आणि चाकांच्या बॅगेचा विचार करून त्यांतला एकही बांधलेला नाही.